फर्नेस आणि सेंट्रल एसीची देखभाल: स्वतः करावी, वर्षातून एकदा माणूस बोलवावा, की एएमसी घ्यावी?

न्यू जर्सी, इलिनॉय किंवा ओंटारिओ अशा कडक हिवाळ्याच्या भागात पहिले घर घेतलेल्या आपल्या मंडळींचे बेसमेंटच्या कोपऱ्यातील उभ्या पत्र्याच्या कपाटाकडे पहिली थंडी पडेपर्यंत फारसे लक्ष जात नाही. त्या कपाटात नैसर्गिक वायूवर चालणारी, घर तापवणारी फर्नेस असते, तिच्या डोक्यावर एसीची कॉइल बसवलेली असते, आणि एकच पंखा हिवाळ्यात गरम व उन्हाळ्यात गार हवा त्याच डक्टमधून घरभर फिरवतो. त्यामुळे देखभालीचा हिशेब दोन यंत्रांचा वेगवेगळा मांडता येत नाही. फिल्टर एकच आहे, पंखा एकच आहे, आणि तिथे झालेली हयगय दोन्ही ऋतूंत भोवते.

पर्याय तीन आहेत. सगळे स्वतः करायचे, वर्षातून एकदा टेक्निशियन बोलवून त्या भेटीचे पैसे द्यायचे, किंवा वर्षाचा करार करायचा, ज्याला भारतात आपण एएमसी म्हणतो. माझ्या मते निवड पैशांवरून करण्याआधी कामांची विभागणी करून पाहावी: हवा आणि पाणी यांच्या वाटा मोकळ्या ठेवणे घरच्या माणसाला जमते, आग आणि शीतकारक (एसीच्या नळ्यांत फिरून हवा गार करणारा वायू) यांना हात लावणे जमत नाही, आणि शीतकारकाच्या बाबतीत तर अमेरिकेत कायद्यानेच चालत नाही.

हवेपासून सुरुवात करू. एक इंच जाडीचा फिल्टर एक ते तीन महिन्यांनी बदलावा असे सांगितले जाते, पण ज्या घरात रोज फोडणी पडते, देवापुढे उदबत्ती लागते आणि स्वयंपाकघरातला पंखा धूर बाहेर न टाकता तोच गाळून परत घरात सोडतो, त्या घराने तीन महिन्यांचा विचारही करू नये. आमच्याकडचा १६ × २५ × १ इंच मापाचा फिल्टर महिन्याभरात करडा होतो आणि बोट लावले तर किंचित चिकट लागतो. चार-पाच इंच जाडीची चौकट असेल तर सहा ते बारा महिने निघतात. काळजीपोटी सर्वांत बारीक जाळीचा फिल्टर घेण्याचा मोह मात्र टाळावा. पातळ चौकटीत मर्व्ह १३ (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो याचे माप) घातला की जुन्या पंख्याला हवा ओढणे जड जाते, फर्नेस आतल्या आत तापते आणि तिचा सुरक्षा स्विच ज्वाला बंद करतो. उन्हाळ्यात त्याच कारणाने कॉइलवर बर्फ धरतो. एक इंचासाठी मर्व्ह ८ पुरेसा आहे. फिल्टरवरचा बाण पंख्याकडे असावा आणि बदलल्याची तारीख चौकटीवर मार्करने लिहावी, एवढेच या कामातले कौशल्य.

पाण्याचे काम त्याहून सोपे, आणि बहुधा म्हणूनच विसरले जाते. दमट उन्हाळ्यात एसीच्या कॉइलवरून दिवसाला कित्येक लिटर पाणी ठिबकते आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीतून मोरीकडे जाते. नळीत शेवाळासारखा बुळबुळीत थर साचला की ते पाणी फर्नेसवर आणि खालच्या जमिनीवर येते. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा नळीच्या उघड्या तोंडातून कपभर पांढरे व्हिनेगर ओतले की सहसा भागते. नव्वद टक्क्यांच्या वर कार्यक्षमता असलेल्या फर्नेसमधून हिवाळ्यातही असे पाणी निघते. तिचा धूर धातूच्या धुराड्याऐवजी भिंतीतून बाहेर काढलेल्या प्लास्टिकच्या पाइपने जातो, आणि हिमवादळानंतर त्या पाइपची तोंडे बर्फातून मोकळी करणे घरमालकाकडेच असते. एसीच्या अंगणातल्या यंत्रालाही सगळीकडून दोन फूट मोकळी जागा हवी. त्याचा वीजपुरवठा जवळच्या डब्यातून तोडून, बागेच्या साध्या नळीने हळुवार धुवावे. प्रेशर वॉशर वापरल्यास कॉइलचे नाजूक पातळ पत्रे वाकतात.

आता आग. येथे मी एका जानेवारीतली आमची सकाळ सांगतो. थर्मोस्टॅट ५८ अंश फॅरनहाइट दाखवत होता आणि फर्नेस पेटत होती, तीन-चार सेकंदांत विझत होती, पुन्हा पेटत होती. तीन प्रयत्नांनंतर ती गप्प झाली आणि आतला लाल दिवा ठराविक लयीत लुकलुकू लागला. त्या लुकलुकण्याचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात असतो: ज्वाला जाणवत नाही. ज्वालेत उभ्या असलेल्या पेन्सिलीएवढ्या लांबीच्या धातूच्या काडीतून जेमतेम एक ते सहा मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो, आणि तेवढ्यावरून यंत्राला कळते की वायू खरोखर जळतो आहे. काडीवर पांढुरका थर बसला की प्रवाह घटतो आणि यंत्र वायू बंद करते, जे योग्यच आहे. टेक्निशियनने एक स्क्रू काढला, बारीक घासणीने काडी पुसली आणि दहा मिनिटांत घर तापू लागले. बिल मात्र सुट्टीच्या दिवशीच्या तातडीच्या भेटीचे होते. हेच काम शरद ऋतूतल्या नेहमीच्या तपासणीत आपोआप झाले असते.

कोणी म्हणेल, मग ती काडी स्वतःच पुसावी. वीज आणि वायू दोन्ही बंद करून पुसणारे पुष्कळ आहेत, आणि मी त्यांना नावे ठेवणार नाही. परंतु तिच्या शेजारचे इग्नायटर, म्हणजे ज्वाला पेटवणारा भाग, ठिसूळ असते, धक्क्याने तडकते. शिवाय काडी पुसल्याने मुख्य प्रश्न सुटत नाहीत: हीट एक्स्चेंजरला (ज्वालेची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या कप्प्याला) तडा गेला आहे का, धुरात कार्बन मोनॉक्साइड किती आहे, बर्नरला वायूचा दाब बरोबर मिळतो का. यांना उपकरणे लागतात. विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून झोपण्याच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर त्याचा अलार्म हवा, आणि त्यामागे छापलेली मुदत संपली की तो बदलायला हवा. वायूचा वास आला तर मात्र दिव्याचे बटणही न दाबता घराबाहेर पडून फोन करावा.

शीतकारकाबद्दल आपल्या भाषेनेच गोंधळ करून ठेवला आहे. जळतो तोही गॅस आणि एसीत भरतात तोही गॅस, त्यामुळे ‘गॅस संपला, भरून द्या’ हे वाक्य आपल्या तोंडी सहज येते. एसीतला वायू बंद नळ्यांत फिरत राहतो, खर्च होत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे. ती न शोधता दर उन्हाळ्यात थोडा भरून देणारा माणूस स्वस्त नव्हे. जुन्या यंत्रांतला आर-२२ हा शीतकारक तर अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून नव्याने तयार किंवा आयात होत नाही, म्हणून त्यात गळती निघाल्यास दुरुस्तीपेक्षा यंत्र बदलण्याचाच विचार करावा.

उरला प्रश्न एका भेटीचा की कराराचा. करारात साधारणपणे वर्षाला दोन भेटी, बिघाड झाल्यास आधी नंबर आणि सुट्या भागांवर थोडी सूट एवढे मिळते. सुटे भाग सहसा त्यात नसतात, आणि भारतातल्या ‘काँप्रिहेन्सिव्ह’ एएमसीची सवय असलेल्यांची इथेच फसगत होते. एका वर्षी आमच्या कराराची भेट वीस मिनिटांत उरकली आणि त्यातला निम्मा वेळ डक्ट साफ करून घेण्याचा आग्रह करण्यात गेला. डक्ट साफ केल्याने आजार टळतात असे कधी सिद्ध झालेले नाही, हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेच सांगितले आहे. म्हणून भेट कोणतीही असो, आकडे कागदावर मागावेत: फर्नेसमधून जाताना हवा किती अंशांनी तापली आणि ते यंत्राच्या पट्टीवर छापलेल्या मर्यादेत आहे का, काडीतून किती प्रवाह आला, धुरात कार्बन मोनॉक्साइड किती होता. उत्पादकाच्या वॉरंटीच्या वेळीही हेच कागद मागितले जाऊ शकतात.

यंत्र दहा वर्षांच्या आतले असेल आणि हिवाळ्यात घरात कोणी ना कोणी असेल, तर हवा-पाणी स्वतः सांभाळून सप्टेंबरमध्ये कराराशिवाय एक भेट घ्यावी; ऑक्टोबरची पहिली थंडी पडली की लवकरची वेळ मिळत नाही. यंत्र पंधरा वर्षांचे असेल, घरात तान्हे मूल किंवा भारतातून आलेले आई-वडील असतील, तर ‘आधी नंबर’ या एका कलमासाठी करार परवडतो. डिसेंबरमध्ये महिनाभर पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांनीही करार घ्यावा, कारण रिकाम्या घरात फर्नेस बंद पडली तर पाण्याचे नळ गोठून फुटतात. मात्र बंद घरात करार आपणहून येत नाही: थर्मोस्टॅट ५५ अंशांवर ठेवावा, पाण्याचा मुख्य नळ बंद करावा आणि किल्ली अशा शेजाऱ्याकडे द्यावी, जो दर दोन दिवसांनी आत डोकावेल आणि त्या टेक्निशियनला दार उघडून देईल.