‘अर्ध्या तासाच्या आत घे’ म्हणाले, आणि मी डबा घेतला

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी पहिल्या पाळीला असतो. उंची पाच फूट आठ, वजन ५६ किलो. शाळेपासून ‘काडी’ ऐकत आलो, म्हणून गेल्या वर्षी सिडकोतल्या एका जिममध्ये नाव घातलं. तिथल्या ट्रेनरने पहिला महिना मनापासून शिकवलं. बैठक मारताना पाठ कशी ठेवायची, वजन कधी वाढवायचं, सगळं नीट. म्हणूनच पुढे तो जे बोलला त्यावर माझा लगेच विश्वास बसला.

“भाऊ, व्यायाम संपल्यापासून अर्ध्या तासात प्रोटीन पोटात गेलं नाही, तर आजची मेहनत पाण्यात. तुम्ही घरी जाऊन पोळी-भाजी खाणार, तोवर मसल तुटायला लागतं.”

माझं घर आडगाव नाक्याला. संध्याकाळी मुंबई नाका, मग द्वारकेची कोंडी. घरी पोचायला तास सहज जातो. म्हणजे त्याच्या हिशोबाने माझी रोजची मेहनत द्वारका चौकातच संपत होती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण मी कुठून येतो ते त्याने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने बॅगेतून डबा काढला. नावाजलेल्या परदेशी कंपनीचा, व्हे प्रोटीनचा (दुधाच्या निवळीपासून केलेली पावडर), दोन किलोचा. “बाजारात साडेसहा-सात हजार. आपल्याकडे थेट माल येतो, तुम्हाला ४,२००.” डाएट चार्टचे १,५०० वेगळे. पैसे त्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर पाठवले. बिल मागितलं तर “बिल लावलं तर रेट वाढेल” म्हणाला. मी मान डोलावली.

दोन महिने रोज जिमच्या पायरीवर बसून शेक प्यायलो. वजन दीड किलो वाढलं, पण पोटावर. दुसरा डबा घेतला.

खरा प्रकार उघड झाला तो अण्णांमुळे. माझे वडील मधुमेही आहेत, टायफॉइडनंतर खूप खंगले होते. मीच म्हणालो, “अण्णा, यात नुसतं प्रोटीन आहे, साखर नाही. एक स्कूप पाण्यातून घेऊन बघा.” डॉक्टरांना विचारलं नाही, ही माझी चूक आणि ती मला आजही बोचते. तासाभराने त्यांना घाम फुटला, तोंड कोरडं पडलं. आईने मशीनवर साखर बघितली: २६८. जेवणानंतरसुद्धा त्यांची १६०च्या वर सहसा जात नाही. आई मला काही बोलली नाही. तिने डबा उचलून माझ्या हातात दिला फक्त.

त्या रात्री रिकामा आणि अर्धा भरलेला असे दोन्ही डबे ट्यूबलाइटखाली शेजारी ठेवून बघितले. खरेदीत दोन महिन्यांचं अंतर, पण दोन्हींवर बॅच नंबर एकच. माल अस्सल आहे का ते स्क्रॅच करून बघायचा कोडसुद्धा अक्षर न् अक्षर तोच. परदेशी माल असूनही आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असलेलं लेबल नव्हतं. आतल्या चंदेरी सीलची कड एका बाजूला दुहेरी चिकटवलेली होती. मग चमचाभर पावडर उकळत्या पाण्यात टाकली. व्हे प्रोटीन कडक पाण्यात गुठळ्या धरतं, दूध नासल्यासारखं दिसतं. हे सरबतासारखं विरघळून गेलं. ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, पण मला पुरेसं होतं. बनावट डब्यांत वजन भरायला माल्टोडेक्स्ट्रिन वापरतात. ते स्टार्चपासून बनतं, जिभेला फार गोड लागत नाही, पण रक्तातली साखर साध्या साखरेइतकी किंवा त्याहून जास्त वेगाने चढवतं. आयोडीनचा थेंब टाकून बघा असं बरेच जण सांगतात. त्याने कच्चा स्टार्च कळतो, माल्टोडेक्स्ट्रिन बहुतेक वेळा निसटून जातं. त्यावर भरवसा ठेवू नका.

आता त्या अर्ध्या तासाबद्दल, कारण फसवणूक खरं तर तिथून सुरू झाली. व्यायामाआधी दोन-तीन तासांत नीट जेवण झालेलं असेल, तर नंतर लगेच काही घशाखाली ढकलायची घाई नसते. दिवसभरात एकूण प्रोटीन किती गेलं हे जास्त महत्त्वाचं. स्नायू वाढवायचे तर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम, म्हणजे मला रोज ९०च्या आसपास. चार अंडी २५, अर्धा लिटर दूध १६, कोरडे ५० ग्रॅम सोया चंक्स २६, उरलेलं डाळ, पोळ्या आणि मूठभर फुटाण्यांतून. हे सगळं पंचवटीतल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं. आता पाळी सुटली की डब्यात राखलेली एक पोळी आणि केळं खातो, मग व्यायाम, आणि घरी आल्यावर आईच्या हातचं जेवण. वजन आठवड्याला पाव किलोच्या आसपास वाढतंय, आणि यावेळी दंडाला फरक दिसतोय.

पावडर घ्यायचीच असेल तर पक्कं बिल घ्या, आणि डब्यावरचा एफएसएसएआयचा (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) चौदा आकडी परवाना क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून बघा. जिममधल्या माणसाच्या बॅगेतून घेऊ नका, तो कितीही चांगलं शिकवत असला तरी. घरात मधुमेही असेल तर त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाभरही देऊ नका.

ट्रेनरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मी दिलाच कुठे डबा?” जिमच्या मालकाने हात वर केले. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज दिला. तक्रार चालू आहे म्हणून इथे कुणाचं नाव लिहीत नाही. ९,९०० रुपये गेले, माझ्याकडे बिल नाही, फक्त त्याच्या नंबरवर पैसे गेल्याचे स्क्रीनशॉट आहेत. अर्धा भरलेला दुसरा डबा आईने जुन्या पेपरात गुंडाळून कपाटावर ठेवलाय. तुमच्याकडे असा डबा असेल तर तोही रागाने फेकून देऊ नका, सीलसकट जपून ठेवा.