अ‍ॅब्लेशन कुणाकडून करून घ्यायचं: गावात येणारे ईपी डॉक्टर की मोठ्या शहरातली पूर्णवेळ टीम?

सांगली, सोलापूर, जळगावसारख्या शहरांत आता चांगल्या कॅथलॅब, म्हणजे शिरेतून नळी घालून हृदयावर उपचार करायच्या खोल्या, आहेत. अँजिओप्लास्टी तिथे रोज होते. हृदयाच्या ठोक्यांची गडबड निस्तरणारे ईपी डॉक्टर, म्हणजे इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट, मात्र बहुतेक ठिकाणी ठरलेल्या दिवशी मुंबई-पुण्याहून येतात, दोन-चार केसेस करतात आणि परततात. त्यामुळे अ‍ॅब्लेशन (शिरेतून नळी घालून हृदयातली गडबड करणारी जागा निकामी करणं) सांगितलेल्या घरात पहिला वाद हाच होतो: इथेच, ओळखीच्या हॉस्पिटलात उरकायचं, की पुण्या-मुंबईला जायचं? ‘मोठं ते चांगलं’ हे उत्तर मला पटत नाही. ‘सगळीकडे सारखंच असतं’ हे तर अजिबात नाही.

निर्णय आधी फाईलवरच्या निदानावर ठरतो. नुसतं ‘धडधड’ किंवा ‘अ‍ॅरिदमिया’ लिहिलेलं असेल तर अजून डॉक्टर निवडायची वेळच आलेली नाही. त्रास चालू असतानाचा ईसीजी किंवा होल्टरची, म्हणजे दिवसभर अंगावर लावायच्या ईसीजी यंत्राची, पट्टी हातात हवी आणि त्यावरून गडबडीचं नाव कळायला हवं.

तरुण वयात अचानक सुरू होणारी आणि अचानक थांबणारी धडधड बऱ्याचदा एव्हीएनआरटी किंवा डब्ल्यूपीडब्ल्यू असते. इथे विजेची एखादी जास्तीची वाट असते, ती शोधून जाळायची. एव्हीएनआरटीत यशाचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर आहे. मुख्य धोका मूळ वाटेलाच इजा होऊन पेसमेकर बसवावा लागण्याचा, आणि तो साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी. अशा केससाठी गावात नियमित येणारे, ईपीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर पुरेसे आहेत. घरातल्या चार माणसांना मुंबईत लॉजवर ठेवण्यात काही शहाणपण नाही.

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, हे प्रकरण वेगळं. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात, आणि आत गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या गटाने दाखवून दिलं की फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उठणारे ठोके एएफ पेटवतात. त्या शिरा विजेच्या दृष्टीने वेगळ्या पाडणं हा तेव्हापासून या उपचाराचा पाया आहे. त्यासाठी हृदयातला पडदा टोचून डाव्या कप्प्यात जावं लागतं, तेही रक्त पातळ ठेवून. येऊनजाऊन असणाऱ्या एएफमध्ये पहिल्या प्रयत्नानंतर वर्षभरात साधारण ७० ते ८० टक्के लोक बरे राहतात. कायम टिकून राहिलेल्या एएफमध्ये आकडा आणखी खाली येतो. पुण्या-मुंबईची चर्चा खरं तर याच आजारासाठी करायची.

संख्येचं महत्त्व इथे कळतं. अमेरिकेतल्या २००० ते २०१० या काळातल्या ९३,८०१ एएफ अ‍ॅब्लेशनचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला २५ पेक्षा कमी केसेस करणारे डॉक्टर आणि ५० पेक्षा कमी करणारी हॉस्पिटलं, दोन्हीकडे गुंतागुंत जास्त होती. तंत्र त्यानंतर बरंच सुधारलं, तरी मुद्दा शिळा झालेला नाही. गंमत अशी की या हिशेबात आपल्याकडे येणारे डॉक्टर बहुधा पास होतात, कारण शहरात ते भरपूर केसेस करतात. नापास होते ती आपल्या गावातली लॅब. तिथली नर्स, भूलतज्ज्ञ, टेक्निशियन यांनी एएफची केस वर्षातून किती वेळा पाहिलेली असते? मॅपिंगच्या, म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटांचा नकाशा दाखवणाऱ्या, स्क्रीनसमोर बसलेला माणूस तर बऱ्याचदा यंत्राच्या कंपनीचाच असतो. त्यात वावगं काही नाही, पण तो त्या दिवसापुरता आलेला असतो.

तिसरा एक पर्यायही पुढे येतो: आपले नेहमीचे कार्डिओलॉजिस्ट, जे अँजिओप्लास्टी उत्तम करतात आणि ‘अ‍ॅब्लेशनही करतो’ म्हणतात. हात कितीही चांगला असला तरी एएफसाठी हा पर्याय मी बाजूला ठेवेन. डीएम कार्डिओलॉजीनंतर ईपीचं वेगळं प्रशिक्षण कुठे आणि किती काळ घेतलं, हे विचारायला संकोच नको. सरळ माणूस सरळ उत्तर देतो.

गावातली केस आणि शहरातली केस यांत खरा फरक मला प्रक्रियेच्या दोन तासांत दिसत नाही, तो नंतर दिसतो. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठणं, म्हणजे टॅम्पोनाड, साधारण शंभरात एकाला होतं. ते बहुतेक वेळा टेबलावरच लक्षात येतं, पण कधीकधी काही तासांनी किंवा काही दिवसांनीही उद्भवतं. तेव्हा रात्री अकरा वाजता सुई घालून ते रक्त काढणारा आणि गरज पडली तर छाती उघडणारा सर्जन कुठे आहे? शहरातल्या भरलेल्या केंद्रात तो त्याच इमारतीत किंवा फोनच्या टप्प्यात असतो. गावात ईपी डॉक्टर तोवर परतीच्या गाडीत बसलेले असू शकतात.

दुसरा धोका फार विरळा, पण जिवावर बेतणारा आहे. डाव्या कप्प्याच्या अगदी मागे अन्ननलिका असते. तिला उष्णतेची इजा होऊन दोघांमध्ये भोक पडू शकतं, आणि हे कळतं बहुधा दोन ते चार आठवड्यांनी, क्वचित दोन महिन्यांनीही. ताप, छातीत दुखणं, गिळताना त्रास, किंवा थेट पक्षाघातासारखी लक्षणं. पेशंट तेव्हा घरी असतो आणि जातो जवळच्या डॉक्टरांकडे. ते भल्या हेतूने एंडोस्कोपी सांगतात, आणि नेमकी तीच करायची नसते, कारण त्यात भरलेली हवा भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाऊ शकते. छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन करायचा असतो. म्हणून डॉक्टर शहरातले असोत की येणारे, डिस्चार्ज कार्डावर हे लिहून घ्या आणि सोबत चोवीस तास उचलला जाईल असा नंबर घ्या. तो नंबर रिसेप्शनचा नको.

यंत्रांचं बोलायचं तर हल्ली तीन प्रकार ऐकू येतात. रेडिओफ्रिक्वेन्सीत उष्णतेने जाळतात, क्रायोबलूनमध्ये गोठवतात. २०१६ च्या मोठ्या चाचणीत येऊनजाऊन असणाऱ्या एएफसाठी क्रायो कुठे कमी पडला नाही. त्यात श्वासाच्या पडद्याच्या नसेला इजा होण्याची शक्यता मात्र जास्त. तिसरं पल्स्ड फील्ड, विजेच्या अतिशय छोट्या झटक्यांचं. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली, आता ते आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांतही पोचलं आहे. ते अन्ननलिकेला फारसं दुखावत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. तरीही नव्या यंत्राची जाहिरात पाहून डॉक्टर निवडू नयेत. नव्या यंत्रावरच्या पहिल्या दहा केसेसपैकी एक होण्यापेक्षा जुन्या यंत्रावर शेकडो केसेस केलेला हात मला चालेल.

पैशाचा भाग लवकर संपवतो. अंदाजपत्रक लेखी घ्या. थ्रीडी मॅपिंग, कॅथेटर (हृदयात घालायची नळी) आणि राहण्याचा खर्च वेगवेगळा मागा. कॅथेटर नवं की निर्जंतुक करून पुन्हा वापरलेलं, हे विचारा. आपल्याकडे पुनर्वापर होतो, आणि होत असेल तर बिलात ते दिसायला हवं. पुन्हा त्रास झाला तर दुसऱ्या वेळचा खर्च किती, हेही आताच विचारा, कारण एएफमध्ये दुसरी वेळ येणं दुर्मीळ नाही. सरकारी योजनेतून करायचं असेल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडून आपली नेमकी प्रक्रिया बसते का ते तपासा. मुंबईत केईएमसारख्या महापालिकेच्या हॉस्पिटलात ईपीचं काम होतं. तिथे रांग असते आणि शिकाऊ डॉक्टर असतात, पण केसेसचा अनुभव आणि पाठीशी असलेला सगळा विभाग पाहता ‘सरकारी’ म्हणून तो पर्याय खोडू नका.

एक अपवाद. लहानपणी सांधेवाताचा ताप येऊन झडप आकसलेली असेल आणि त्यातून एएफ आलं असेल, तर आधी झडपेचं काय करायचं हे ठरवणारा डॉक्टर लागतो. अशांना रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्याही सहसा देत नाहीत. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम आणि रक्त किती पातळ झालं ते दाखवणाऱ्या आयएनआरच्या तपासण्या, हाच रस्ता. २०२२ च्या मोठ्या चाचणीनेही तेच सांगितलं.

ओपीडीत समोरासमोर बसल्यावर माझी पारख एका प्रश्नावर असते: ‘डॉक्टर, यानंतर रक्त पातळ करायची गोळी बंद होईल ना?’ ‘हो, कायमची सुटका’ असं चटकन उत्तर आलं तर दुसरं मत घ्या. निदान दोन-तीन महिने ती गोळी सगळ्यांनाच चालू ठेवावी लागते. पुढे ती वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर ठरते, ठोके सुरळीत झाले एवढ्यावर नाही. तसंच, पहिल्या दोन महिन्यांत पुन्हा धडधड झाली तर प्रक्रिया फसली असं धरत नाहीत, हे डॉक्टरांनी न विचारता सांगितलं तर माझ्या लेखी त्यांना जास्त गुण.

माझा स्वतःचा कल असा. एव्हीएनआरटी असेल तर गावातच. एएफ असेल आणि सोबत हृदयाचं पंपिंग कमी किंवा आधीचं अ‍ॅब्लेशन फसलेलं, तर शहर, वाद नाही. येऊनजाऊन असणाऱ्या एएफसाठी प्रक्रिया शहरात आणि पुढचं पाहणं गावातल्या कार्डिओलॉजिस्टकडे. मात्र जाण्याआधी गावातल्या डॉक्टरांना तसं सांगून त्यांची चिठ्ठी घेऊन जा. लपून गेलात तर तिसऱ्या आठवड्यात ताप आल्यावर त्यांच्या दारात उभं राहायला तुम्हालाच अवघड वाटेल.