लिंबाचं तिरामिसू आणि गॅल्बानीचं मस्कारपोने: डबा कसोटीला उतरतो का?

तिरामिसूत, म्हणजे बिस्किटं आणि चीजच्या थरांच्या इटालियन गोड पदार्थात, कॉफी आणि कोको असले की चीजचे दोष झाकले जातात. थोडं आंबूस असलं, थोडं पिठूळ असलं, तरी कॉफीचा कडूपणा ते पोटात घालतो. कॉफी काढून लिंबू घातलं की झाकायला काही उरत नाही. म्हणून मस्कारपोने, म्हणजे सायीपासून बनणारं मऊ इटालियन चीज, पारखायचं असेल तर लिंबाच्या तिरामिसूत पारखावं. इथे परीक्षण आहे ते गॅल्बानी या इटालियन कंपनीच्या ‘सान्ता लुचिया’ मस्कारपोनेचं, २५० आणि ५०० ग्रॅमच्या डब्यांत मिळणाऱ्या. सोबतीला सावोयार्दी ही कोरडी लांबट बिस्किटं आणि लिमोन्चेल्लो ही लिंबाच्या सालीची इटालियन दारू यांच्याबद्दलही थोडं.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. लिंबाचं तिरामिसू हे मूळ तिरामिसू नाही. उत्तर इटलीतल्या त्रेव्हिझोच्या ‘ले बेक्केरिए’ उपाहारगृहातून नावारूपाला आलेल्या पदार्थात अंड्याचा बलक, साखर, मस्कारपोने, सावोयार्दी, कॉफी आणि कोको एवढंच होतं. त्यात दारूसुद्धा नव्हती. लिंबाचा अवतार हे मूळ पदार्थाचं दक्षिणेकडचं भावंड म्हणावं लागेल. मांडणी उत्तरेच्या व्हेनेतोची, चव कांपानियाच्या सोरेन्तो-अमाल्फी किनाऱ्याची. थर तेच, भट्टी इथेही नको, पण रसायन बदलतं.

डब्याच्या घटकांत साय, दूध आणि सायट्रिक आम्ल, बस्स. जिलेटिन नाही, स्टार्च नाही, गवार गम नाही. मस्कारपोने मुळात असंच बनतं: साय ८५–९० अंशांवर तापवायची, आम्ल घालून साकळवायची, कापडात बांधून निथळायची. आपण चक्का बांधतो तसंच, फक्त दह्याच्या जागी साय आणि विरजणाच्या जागी आम्ल. स्निग्धांश १०० ग्रॅमला ४० ग्रॅमच्या वर. चमच्याने उचललं की ते तुटत नाही, जाडसर लोण्यासारखं वाकतं. जिभेवर दुधाचा गोडवा येतो आणि आंबटपणा जवळजवळ नसतो. लिंबासाठी नेमकं हेच हवं, कारण आंबटपणा किती आणि कुठे हे आपण ठरवणार, चीजने ठरवायचं नाही.

इथेच क्रीम चीजचा पर्याय कोसळतो. ते आंबवलेलं असतं, त्यात मीठ असतं. लिंबाशी मिळून ते चीजकेकच्या वाटेला जातं. चक्क्याचं तेच, आणि वर स्निग्धांश कमी. लिंबू घातलेला चक्का म्हणजे छान श्रीखंड, पण बिस्किटांत मुरणारं तिरामिसूचं क्रीम नव्हे.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: ‘लिंबाने मस्कारपोने फाटलं.’ निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. हे चीज स्वतःच आम्ल आणि उष्णता वापरून साकळलेलं आहे, थोड्या लिंबाने ते दुधासारखं नासणार नाही. बिघडतं ते फेटण्याने. एवढा स्निग्धांश असलेली साय मशीनवर जोरात फिरवली की लोण्याचे कण सुटतात आणि पाणी वेगळं होतं. आपण ताक घुसळतो तेव्हा जे होतं तेच इथे नकळत होतं. सान्ता लुचियाचं पोत मऊ आहे, त्यामुळे ते लवकर मोकळं होतं आणि लवकर बिघडतंही. मशीन लावूच नये. फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं ठेवावं, सपाट उलथण्याने १०–१२ वेळा फिरवावं, गुळगुळीत झालं की थांबावं. कण दिसू लागले तर दोन चमचे थंड साय घालून हाताने हळूच कालवावं. सुरुवातीचा दाणा सहसा जातो. पाणी सुटलं असेल तर मात्र तो डबा गेला.

रस थेट चीजमध्ये ओतण्याचा मोहही टाळावा. चीज फाटत नाही, पण सैल पडतं आणि थर कापताना वाहतो. लिंबू दोन वाटांनी आत न्यावं: शिजवलेल्या लिंबाच्या क्रीममधून आणि बिस्किटांच्या पाकातून.

प्रमाण २० × २० सेंटीमीटरच्या, ७ सेंटीमीटर खोल भांड्यासाठी, ८ जणांना पुरेल असं. लिंबाच्या क्रीमला २ अंडी, १०० ग्रॅम साखर, ८० मिली रस, २ लिंबांची किसलेली साल आणि ५० ग्रॅम लोणी. साल आधी साखरेत बोटांनी चोळावी. साखर ओलसर होऊन पिवळी पडते, म्हणजे तेल उतरलं. मग स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात, उकळत्या पाण्याच्या वाफेवर, सतत ढवळत ८० अंशांपर्यंत शिजवावं. थर्मामीटर नसेल तर चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी, ती मिटली नाही की झालं. ८५ च्या पुढे गेलं की अंड्याच्या गुठळ्या होतात. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चालणार नाही, आम्लाने चवीला धातूची किनार येते. उतरवून गाळावं, मग लोणी घालावं, पृष्ठभागाला प्लास्टिक चिकटवून थंड करावं. अंडी शिजलेली असल्यामुळे कच्च्या बलकाची चिंता इथे उरत नाही. मूळ तिरामिसूपेक्षा या अवताराचा हा खरा फायदा आहे.

पाकाला २०० मिली पाणी, ८० ग्रॅम साखर आणि एका लिंबाच्या सालीच्या पट्ट्या. एक उकळी, मग पूर्ण थंड, आणि मगच ४० मिली रस आणि ८० मिली लिमोन्चेल्लो. गरम पाकात बिस्किटं क्षणात गळतात आणि दारूचा सुगंधही उडून जातो. लहान मुलांसाठी करायचं तर लिमोन्चेल्लो काढून पाण्याचं प्रमाण तेवढंच वाढवावं.

आता जुळणी. ५०० ग्रॅम मस्कारपोने उलथण्याने सैल करून त्यात ५० ग्रॅम पिठीसाखर, मग गार झालेल्या लिंबाच्या क्रीमपैकी २०० ग्रॅम. उरलेलं वरच्या थरासाठी. दुसऱ्या भांड्यात ३५ टक्के स्निग्धांशाची २०० मिली साय मऊ शिखरं येईपर्यंत फेटून हलक्या हाताने मिसळावी. २५ टक्क्यांची साय इथे उपयोगाची नाही, ती फुगत नाही.

सावोयार्दी २४ लागतात, १२-१२ चे दोन थर. मातिल्दे व्हिचेन्झी कंपनीची ‘व्हिचेन्झोव्हो’ सावोयार्दी लिंबाच्या पाकाला चांगली टिकतात. आत कोरडा जाळीदार स्पंज, वर साखरेचा कडक थर. पाक कॉफीपेक्षा दाट असल्यामुळे तो बिस्किटात हळू शिरतो, म्हणून बुडवण्याचा वेळ थोडा जास्त: प्रत्येक बाजू २ सेकंद. मोडून बघावं, मध्यावर बारीक कोरडी रेघ दिसली तर बरोबर. ती रेघ फ्रिजमध्ये पुरी होते. पावेसिनी ही दुसरी इटालियन बिस्किटं पातळ असतात, त्यांना नुसता स्पर्श पुरे. मऊ केकसारखी ‘लेडीफिंगर’ बिस्किटं घेऊ नयेत, तळाशी लगदा होतो.

लिमोन्चेल्लोत बाटलीवर सोरेन्तो किंवा अमाल्फीच्या, कायद्याने नाव संरक्षित असलेल्या लिंबाचा उल्लेख असलेली निवडावी. भडक पिवळा रंग म्हणजे चांगली साल असं नाही, रंगद्रव्य आहे का हे लेबलवर बघावं. आणि ताज्या लिंबाचं: इटलीत काही पेट्यांवर ‘बुच्चा नॉन एदीबिले’ असं लिहिलेलं असतं, साल खाण्यायोग्य नाही असं. अशी लिंबं रसाला घ्यावीत, किसायला नाही.

भारतात इटालियन लिंबू सहज मिळत नाही. कागदी लिंबू वापरायचं तर हिशेब बदलतो. रस अधिक आंबट, म्हणून ८० मिलीऐवजी ६० मिली आणि २० मिली पाणी. साल कागदासारखी पातळ, किसताना पांढरा भाग पटकन येतो आणि कडूपणा उतरतो. म्हणून बारीक किसणीवर एका जागी एकदाच ओढायचं, दुसऱ्यांदा नाही. रस काढताना बिया चिरडल्या तरी तेच.

शेवटी थर: बिस्किटं, मस्कारपोनेचं निम्मं क्रीम, बिस्किटं, त्याच क्रीमचा उरलेला भाग. फ्रिजमध्ये किमान ६ तास, पण १२ तासांनी काप स्वच्छ निघतो आणि पाक क्रीमशी एक होतो. राखून ठेवलेलं लिंबाचं क्रीम वाढण्याआधी तासभर वर पसरावं, आधी पसरलं तर कडेने पाणी सुटतं. किसलेली साल तर अगदी पानात वाढताना. फ्रिजमध्ये ती सुकून तपकिरी होते. कोको वर नको, तो लिंबावर बसत नाही. एखादं सावोयार्दी चुरून टाकावं. उघडलेल्या डब्यातलं मस्कारपोने उरलं तर २–३ दिवसांत संपवावं, फ्रीझरमध्ये टाकू नये, वितळल्यावर त्यात दाणे पडतात.