आईच्या वाढदिवसाची क्रूझ: पाहुणे पहिल्या दिवशी चढवायचे की मधल्या बंदरावर?

आईचा वाढदिवस क्रूझवर करायचा ठरलं, जहाज ठरलं, तारखा ठरल्या. मावशी, मामा-मामी आणि भाचरं तिला न सांगता येणार हेही ठरलं. मग खरा प्रश्न येतो: या मंडळींनी जहाज गाठायचं कुठे? मार्ग दोन. एक, सगळ्यांनी पहिल्याच बंदरावर गुपचूप चढायचं आणि रात्री जेवणाच्या टेबलावर प्रकट व्हायचं. दुसरा, आपण पुढे निघायचं आणि पाहुण्यांनी मधल्या एखाद्या बंदरावर येऊन तिथून जहाजावर सोबत व्हायचं. बाल्कनीची केबिन घ्यावी का, कोणता मजला बरा, हे तुम्ही एव्हाना बघून ठेवलं असेलच. त्यात शिरत नाही.

बोलण्यात दुसरा मार्ग जास्त रंगतो. अनोळखी गाव, आई जहाजातून उतरून धक्क्यावर येते आणि समोर तिची सख्खी बहीण उभी! शिवाय लपाछपी नाही, कारण पाहुणे त्या दिवसापर्यंत जहाजावर नसतातच. आमच्या घरातली तरुण मंडळी याच बाजूची होती, आणि व्हिडिओ कोण काढणार इथपर्यंत वाटणी झाली होती.

पण जहाज म्हणजे काही बस नव्हे, मधल्या थांब्यावर हात दाखवला आणि चढलं. प्रवाशांची यादी जहाज सुटण्याआधीच अधिकाऱ्यांकडे गेलेली असते. मधल्या बंदरात नवा माणूस घ्यायचा तर तिथे पासपोर्टची आणि सामानाची तपासणी लागते, कंपनीचा स्थानिक एजंट लागतो, आणि छोट्या बंदरांत हे सगळं असेलच असं नाही. काही ठिकाणी कायदाच आड येतो. अमेरिकेच्या १८८६च्या कायद्यानुसार परदेशी झेंड्याचं, म्हणजे परदेशात नोंदलेलं, जहाज अमेरिकेच्या एका बंदरात चढलेल्या प्रवाशाला, वाटेत दूरच्या परदेशी बंदराला न जाता, अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात उतरवू शकत नाही. आणि मोठ्या क्रूझ जहाजांपैकी बहुतेकांवर बहामा, पनामा, माल्टा असलेच झेंडे असतात. म्हणून मधे चढायचं तर कंपनीची आधी परवानगी लागते. भाडं मात्र बहुधा पूर्ण सफरीचंच.

तेही चाललं असतं. माझा जीव खाल्ला तो त्या परवानगीच्या वाट पाहण्याने. फोन केला की पलीकडून गोड आवाजात, "होऊन जाईल सर, काळजी करू नका." मेल केला की उत्तर, "आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे." होऊन जाईल, हे लिहून द्यायला मात्र कोणी तयार नाही. इकडे मामांचा संध्याकाळचा फोन चुकत नसे: "काय रे, विमानाची तिकिटं काढू का?" काढा म्हणावं तर परवानगी नाकारली गेल्यावर ती तिकिटं कोणाच्या गळ्यात? थांबा म्हणावं तर दर वाढतात, आणि मामींना ऑफिसात रजा टाकायची असते. बरं, ही सगळी बोलणी आई शेजारच्या खोलीत असताना दबक्या आवाजात. ती दोनदा येऊन विचारून गेली, "काही झालंय का?" आनंदाच्या कार्यक्रमाची तयारी करताना घरात कोणाचं ऑपरेशन ठरल्यासारखी कुजबुज चाललेली. तिथे माझं मन दुसऱ्या मार्गावरून उतरलं ते उतरलंच.

त्यात परवानगी आली तरी बंदर येईल याची खात्री नसते. हवा बिघडली तर कॅप्टन बंदर गाळू शकतो, आणि तिकिटाच्या अटींत त्याला तो अधिकार दिलेला असतो. जिथे जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकून लहान बोटींनी माणसं ने-आण करतात, तिथे तर लाटा जरा जास्त असल्या तरी बेत फिसकटतो. पाहुणे किनाऱ्यावर सामान घेऊन उभे आणि वाढदिवसाची बाई पुढच्या बंदराला निघालेली, हे चित्र मला परवडणारं नव्हतं.

आता पहिला मार्ग. तो सरळ आहे असं मी म्हणणार नाही. चढण्याच्या दिवशी केबिन हातात यायला बहुधा दुपार होते. तोवर सगळं जहाज एकाच बुफेत लोटतं, आणि तुमचे पाहुणेही तिथेच. आम्ही पाहुण्यांना चढण्याची सकाळची वेळ घ्यायला लावली, आईची सगळ्यात शेवटची घेतली. ती चढली तेव्हा ती मंडळी आपापल्या केबिनमध्ये दार लावून बसलेली. केबिनही वेगळ्या मजल्यांवर, जहाजाच्या दुसऱ्या टोकाला घेतल्या. त्याचा आणखी एक फायदा होतो: सेफ्टी ड्रिलची (संकटात कुठे जमायचं याच्या सरावाची) जागा केबिनवरून ठरते, त्यामुळे तिथे समोरासमोर येण्याची शक्यता कमी होते. हे ड्रिल टाळता येत नाही. कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या २०१२च्या अपघातानंतर नियम बदलला आणि २०१५पासून ते जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावं लागतं. आता अनेक जहाजांवर सूचना फोनवर नाहीतर टीव्हीवर बघायच्या आणि ठरलेल्या जागी फक्त हजेरी लावून यायची असते. तेव्हा पाहुण्यांना लवकर उरकून घ्यायला सांगा.

बाकी खबरदारी किरकोळ, पण घ्याच. जहाजाचं अ‍ॅप आईच्या फोनवर टाकू नका. जोडलेल्या बुकिंगमधली नावं काही अ‍ॅपमध्ये दिसतात. चढताना फोटोग्राफर फोटो काढतात आणि ते नंतर गॅलरीत झळकतात, तेव्हा पहिल्या संध्याकाळी आईला त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही. जेवणाचं टेबल एकत्र मिळावं म्हणून रेस्टॉरंटच्या प्रमुखाशी आधी बोलून ठेवा.

आणि फोन! याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. जहाज अजून बंदरातच होतं, नेटवर्क होतं, आणि आईने डेकवरून मावशीला फोन लावला, "पोचलो गं आम्ही, केवढं मोठं आहे हे." मावशी चार मजले खाली. तेवढ्यात जहाजभर घोषणा सुरू झाली. आई म्हणाली, "अगं, तुझ्याकडेही तेच बोलतायत?" मावशीने "टीव्ही लावलाय" म्हणून वेळ मारून नेली. मी रेलिंग धरून समुद्राकडे बघत राहिलो.

रात्री टेबल पाहून आईने लगेच विचारलं, "आपण एवढेसेच, मग इतक्या खुर्च्या कशाला?" उत्तर द्यायची वेळच आली नाही, मावशी मागून येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. आई आधी तिला रागावली, फोनवर खोटं बोललीस म्हणून. रडणं नंतर.

यावर एक आक्षेप येतो: वाढदिवस दोन दिवसांनी, आणि गुपित पहिल्याच रात्री फोडलं? मला ते उलट बरं वाटलं. प्रत्यक्ष वाढदिवसाला सगळे नीट तयार होते, आणि तो दिवस जहाज दिवसभर समुद्रातच असण्याचा निवडला होता, त्यामुळे कोणी सहलीला पळालं नाही. शिवाय दोघी बहिणींना पहिल्या सकाळपासून गप्पा मारायला मिळाल्या. मधल्या बंदराच्या बेतात ते दिवस वाया जातात. अर्थात तुमच्याकडची माणसं वेगळी असतील.

दुसरा मार्ग अगदी बाद असंही नाही. पाहुण्यांपैकी कोणाला रजाच मिळत नसेल, कोणाकडे अगदी तान्हं बाळ असेल (सहा महिन्यांच्या आतलं बाळ बहुतेक कंपन्या घेत नाहीत, लांब सागरी सफरींना वर्षाच्या आतलंही नाही), किंवा सफर संपेपर्यंत कोणाला गरोदरपणाचा चोविसावा आठवडा लागणार असेल, तर त्यांना जहाजावर आणण्याचा हट्ट सोडा. ती माणसं नुसती बंदराच्या गावात येऊन भेटली, दिवसभर सोबत राहिली आणि संध्याकाळी आपल्या वाटेने गेली, तर परवानगीची भानगडच येत नाही. मात्र जहाज सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी आत परतावं लागतं, आणि जहाजावरचं घड्याळ गावाच्या वेळेपेक्षा वेगळं असू शकतं, हे निरोप घेत रेंगाळणाऱ्या बहिणींना आधीच बजावून ठेवा. जहाजावरच मधे चढवायचं असेल, तर परवानगी लेखी हातात पडेपर्यंत मामांना विमानाची तिकिटं काढू देऊ नका.