नववी-दहावीचं इंग्रजी: कामापुरतं की कवितेसकट?

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी दहावीच्या वर्गात एक वाक्य बोलायला उभं केलं की निम्मी मुलं खाली बघतात. म्हणून एक पक्ष म्हणतो, साहित्य बाजूला ठेवा. अर्ज, संवाद, बातमी, सूचनाफलक शिकवा. अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीतच येतं, हा मुद्दा खोडता येत नाही. पण या वाटेवर पत्रलेखनाचा साचा होतो. मायना पाठ, शेवट पाठ, मधल्या चार ओळी गाईडमधल्या.

दुसरा पक्ष कथा-कवितेचा. तिथे भाषा जिवंत भेटते, मूल स्वतःचं मत मांडायला धडपडतं. निदान मांडायला हवं! प्रत्यक्षात रसग्रहणाच्या प्रश्नाला कवीचं नाव, यमकरचना, एक अलंकार, मध्यवर्ती कल्पना अशा ठरलेल्या पायऱ्या असतात आणि 'मला ही कविता आवडली, कारण...' हेसुद्धा फळ्यावरून उतरवून घेतलं जातं. आवडसुद्धा डिक्टेशनने!

बोर्डाची पुस्तकंही वेगळी आहेत. इंग्रजी माध्यमाला प्रथम भाषेचं कुमारभारती, मराठी माध्यमाला तृतीय भाषेचं कोर्सबुक. दोन्हींत गद्य-पद्य आहेच, पण उद्दिष्ट एक नाही. इंग्रजी माध्यमात साहित्याला जास्त तास द्यावेत. मराठी माध्यमात मात्र माझा कौल आधी बोलण्या-ऐकण्याला. कविता थोड्या, पण मोठ्याने वाचून, मराठीत मनसोक्त चर्चा करून. ८० गुणांच्या लेखी पेपरात बोलणं तपासलंच जात नाही, ते उरलेल्या २० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात, बहुतेक ठिकाणी उरकून टाकलं जातं.