दिवा लागतो, पण रॉकेट पेटत नाही (५ पैकी ३ तारे)

मी निवृत्त लाइनमन. थंडीत टेक्सासला मुलीकडे आलोय. नातीच्या वाढदिवसाला जावयाने हा मॉडेल रॉकेटचा डबा आणला : पुठ्ठ्याची नळी, प्लॅस्टिकचं नाक, पॅराशूट, उडवायची दांडी, कंट्रोलर आणि तीन मोटरी (विजेच्या नव्हेत, आत दारूचा मसाला दाबून भरलेल्या नळकांड्या; तो जळला की रॉकेट उडतं). आमच्या दिवाळीतल्या बाणाला वात असते, काडी लावली की झालं. इथे वात नाही. मोटरीच्या मातीच्या नॉझलमधून, म्हणजे खालच्या तोंडातून, बारीक तारेचा स्टार्टर आत सारायचा आणि पंधरा फुटांवरून बटण दाबायचं.

पहिल्या दिवशी बटण दाबलं, काही नाही. किल्ली घातल्यावर कंट्रोलरचा दिवा मात्र झकास लागला होता. पुस्तिका म्हणते, दिवा लागला म्हणजे सर्किट ठीक. अहो, त्या दिव्याला करंट लागतो किती? आणि स्टार्टरची तार लालबुंद व्हायला किती? जावयाने टीव्हीच्या रिमोटमधले चार पेन्सिल सेल घातले होते. मल्टिमीटरवर ५.६ व्होल्ट दिसले, गाडीचा बल्ब जोडला तर तीनच्याही खाली. लोड टाकल्याशिवाय व्होल्टेजवर विश्वास ठेवू नये, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. त्यात सकाळची कडक थंडी, तिने सेल आणखी मरतात.

नवे अल्कलाइन सेल घातले. दिवा लागला, पुन्हा शांतता. नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या गावातली लाइट पण अशीच होती का?" किल्ली काढली, पूर्ण एक मिनिट थांबलो (हा नियम मोडू नका, मोटर उशिरा पेटू शकते) आणि जाऊन बघितलं. कंट्रोलरच्या तारांचे, स्टार्टरला लावायचे दोन चिमटे एकमेकांना चिकटलेले. शॉर्ट! करंट स्टार्टरकडे न जाता परस्पर फिरतोय आणि दिवा तरीही लागतोय. म्हणजे हा दिवा तार तुटली तर सांगतो. शॉर्ट झालं किंवा सेल मेले तर गप्प बसतो. माझे दोन तारे इथेच गेले.

तिसऱ्या वेळी फट् आवाज, धूर, पण रॉकेट जागेवर. स्टार्टर जळला, त्याचं टोक मसाल्याला टेकलेलंच नव्हतं. स्टार्टर धरून ठेवणारी प्लॅस्टिकची खुंटी मी हलक्या हाताने बसवली होती, चूक माझी. नशीब, पाकिटात एक स्टार्टर जास्तीचा होता.

चौथ्यांदा मात्र सुर्रर्र! नात इतकी ओरडली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. ऐन वेळी न पेटण्याचं इस्रोच्या बाबतीतही झालं होतं म्हणा. २४ मार्च १९८७ ला श्रीहरिकोट्याहून उडालेल्या एएसएलव्ही या उपग्रह नेणाऱ्या रॉकेटचे बाजूचे बूस्टर जळून संपले, पण मधला टप्पा पेटलाच नाही.

मोटरीवरचे आकडे दुकानदाराने समजावले नाहीत, म्हणून लिहितो. आमची पहिली ए८-३ होती, दुसरी बी६-४. अक्षर पुढे गेलं की एकूण जोराची कमाल मर्यादा दुप्पट. पहिला आकडा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा जळणं संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकायचं तो. शेवटी शून्य असेल तर ती खालच्या टप्प्याची मोटर, एकट्या रॉकेटला लावू नका.

बी६-४ ने रॉकेट छान चढलं, पॅराशूट बाहेरही आलं, पण उघडलं नाही. मी ते आदल्या रात्रीच घडी करून ठेवलं होतं, थंडीत प्लॅस्टिक तसंच चिकटून बसलं. एक पंख मोडला. आता ऐन वेळी बेबी पावडर लावून घडी घालतो. खाली तो आगरोधक कागद मात्र विसरू नका, नाहीतर पॅराशूट वितळेल.

नळी, नाक, पंख यांबद्दल तक्रार नाही. पंख गोंदाने परत बसला. चिमट्यांवर काजळी धरते, दर उड्डाणानंतर पॉलिशपेपर मारा.

तिसरी मोटर सी६-५. ती नातीच्या हातून फरशीवर पडली. बाहेरून ओरखडासुद्धा नाही, पण आत दाबून भरलेल्या मसाल्याला तडा गेला असेल तर एकदम जास्त पृष्ठभाग जळतो, दाब वाढतो आणि मोटर फुटते. ती आता अंगणात पाण्याच्या बादलीत आहे. नात शाळेतून आली की आधी तिथे जाऊन बघते, विरघळली का.