ऑल्बनी की बर्मिंगहॅम: मार्टिन ल्यूथर किंग यांचे दोन लढे

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं ऑल्बनी, 1961-62. मागणी सरसकट होती: बस, वाचनालय, उपाहारगृह, सगळीकडचा वर्णभेद एकदम संपवा. समोर पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट. त्याने किंग यांची पद्धत अभ्यासली, कॅमेऱ्यांसमोर लाठी उगारू दिली नाही आणि अटक केलेल्यांना आसपासच्या जिल्ह्यांतल्या तुरुंगांत पाठवलं. तुरुंग भरून टाकण्याचा आंदोलकांचा डाव फसला. किंग ठोस काही न मिळवता परतले.

अलाबामातलं बर्मिंगहॅम, 1963. इथे रोख मुख्यतः शहराच्या मध्यवर्ती दुकानांवर. खरेदीवर बहिष्कार, म्हणजे थेट गल्ल्याला हात. गुड फ्रायडेला किंग यांना अटक झाली. कोठडीत, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर त्यांनी आपलं ‘लेटर फ्रॉम बर्मिंगहॅम जेल’ हे प्रसिद्ध पत्र लिहायला घेतलं. 2 मे रोजी शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली. शहराचं पोलीस आणि अग्निशमन खातं सांभाळणाऱ्या बुल कॉनरने त्यांच्यावर पाण्याचे जोरदार फवारे आणि कुत्रे सोडले, ते सगळ्या जगाने पाहिलं. 10 मे रोजी व्यापाऱ्यांशी समझोता जाहीर झाला. पुढच्या वर्षी नागरी हक्क कायदा आला.

मुलांना पुढे करावं का, हा प्रश्न मला आजही छळतो. तरी माझं मत बर्मिंगहॅमलाच. फक्त ऑल्बनीला अपयश म्हणून मोडीत काढू नका. नेमकं लक्ष्य निवडायचा धडा किंग तिथेच शिकले.